खालून येणारी हाक

पहिल्यांदा ती हाक आली तेव्हा मी बाळाला नुकतं पायांवरून उचललं होतं. न्हाऊ घालून झालेलं, टाळूवर तेल थापलेलं, अंग अजून ओलं, मी पंचा शोधतेय, आणि खालून जिन्यातून आवाज आला, "बच्चा दिखा दो!"

एवढंच. बाईचा आवाज होता, पण तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा. आमचा जिना म्हणजे विहीरच आहे, दिवसासुद्धा भिंत चाचपत उतरावं लागतं, त्या विहिरीतून तो आवाज भिंतींना घासत वर आला आणि आमच्या दाराशी येऊन उभा राहिला, मला तरी तसंच वाटलं. मी ओ द्यायला तोंड उघडलं. सासूबाई कणीक मळत होत्या, त्या तशाच उठून आल्या आणि कणकेचा हात त्यांनी माझ्या तोंडावर दाबला. मला श्वास घेता येईना. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. हातातली मुलगीसुद्धा गप्प झाली. आम्ही तिघी तशाच उभ्या, आणि मी वाट बघतेय की आता परत हाक येईल. आली नाही. चपला वाजल्या, लांब गेल्या, मग गल्लीतून कोणाचं तरी प्रेत गेलं, राम नाम सत्य है, त्या गलक्यात चपला विरून गेल्या.

"कोण होतं, आई?"

"कोणी नाही."

"अहो, पण बाळ दाखवा म्हणाली ना ती."

"म्हणून तर सांगते, कोणी नाही."

मी परभणीकडची. शाळा आठवीपर्यंत, पुढं घरातलं काम आणि मग लग्न. आमच्या ह्यांचं घराणं कितीतरी पिढ्या काशीतच, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली एक बंद गोदाम, मधल्या मजल्यावर कोणी राहत नाही. हे महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, गंगापूजन असली कामं बघतात, त्यांना घेऊन प्रयागला जातात, गयेला जातात, घरी कमीच. पहिलं बाळंतपण माझं माहेरी झालं, तशी रीतच आहे, आणि थंडी सुरू झाल्यावर मी मुलीला घेऊन इकडे आले. म्हणजे इथं कोणाला ठाऊकच नव्हतं की या घरात तान्हं मूल आहे. मग बाळ दाखवा म्हणणारी ही कोण?

सासूबाईंनी मला संध्याकाळी वाती वळता वळता नियम सांगितला. त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी असते आणि वर त्या माझ्या मराठीला हसतात. मी म्हटलं, "आई, मला लई भीती वाटली," तर म्हणाल्या, "लई काय लई? खूप म्हण. इथं कोणी ऐकलं तर म्हणेल शेतातून उचलून आणली." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "हे बघ, हे मसणाच्या वाटेवरचं घर आहे. इथं पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल, त्याला काम असतं. ते एकदाच मारतं. ओ दिली की झालं."

"काय झालं?"

"गेलं. ज्यानं ओ दिली तो गेला."

असलं आमच्याकडेही म्हणतात, पण आमच्याकडे लोक ते म्हणतात आणि विसरतात. सासूबाई तसं म्हणत नव्हत्या. त्यांनी मग मामंजींचं सांगितलं. मी त्यांना पाहिलेलं नाही, लग्न त्यानंतर झालं. साथीच्या त्या वाईट उन्हाळ्यात त्यांना ताप होता, बसून होते, चहा मागत होते. खालून हाक आली, "मरीज को नीचे भेजो!" एकच. मामंजींनी स्वतःच ओ दिली, "आलो आलो." खांद्यावर पंचा टाकला आणि जिना उतरून गेले. सासूबाई मागं धावल्या तर खाली प्लास्टिकचे कपडे घातलेली माणसं, कोणाला तोंडच नाही, नुसत्या काचा. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. पुढं फोनवर कोणीतरी सांगायचं ठीक है, ठीक है, मग फोन लागेना, मग सांगितलं, संपलं. पिशवी दाखवली ती लांबून. "ते होते की दुसरं कोणी, देव जाणे," सासूबाई म्हणाल्या. दहाव्याला कावळा शिवेना. घाटावर इतके कावळे, पण एक खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

"आणि आजचा आवाज तोच होता," त्या म्हणाल्या. "तोच. मी मेले तरी विसरणार नाही. तेव्हा मालकांना नेलं, आता लेकराला बघायला आलंय."

मी म्हटलं भ्रम असेल. पण त्या वात वळत होत्या ती त्यांच्या बोटात सुटत होती.

ह्यांना फोन केला. हे गयेला होते, मागं यात्रेकरूंचा गोंगाट. म्हणाले, "तुला कोण भूत बोलावणार? तुझं मराठी ऐकून तेच म्हणेल, चुकीच्या घरात आलो." मी रडायला लागले तर म्हणाले, "बरं बरं. आई म्हणते तसं कर. मी आलो की बघू."

आता कोणी म्हणेल, अगं सरकारी बाई असेल, एवढंही कळलं नाही का. नाही कळलं. आमच्या गावची आशाताई मला माहीत होती ना. ती यायची ती घरातच शिरायची, उंबऱ्यावर बसायची, चहा घ्यायची, बाळाला मांडीवर घेऊन तिचे पाय ओढून बघायची, माझ्या आईला म्हणायची, लेकीला जरा तूप वाढ गं. ती असं खालून एकदा ओरडून निघून जायची नाही. असं कोण करतं? माणूस असं करत नाही.

दुसऱ्यांदा हाक आली ती धुक्यात. इथं त्या दिवसांत धुकं गंगेवरून उठतं आणि गल्लीत शिरतं, समोरची भिंत दिसत नाही, नावाड्यांचे आवाज येतात पण नाव कुठं आहे कळत नाही. मी छज्ज्यावर दुपटी वाळत घालत होते. "बच्चा दिखा दो!" बरोबर माझ्या पायाखालून. मी वाकून पाहिलं तर धुक्यात निळं काहीतरी हललं, डोकं नव्हतं त्याला, म्हणजे असेल, मला दिसलं नाही, आणि ते वळणावर भिंतीत गेल्यासारखं गेलं. मी दुपटी तशीच टाकून आत पळाले.

नंतर सासूबाई भाजीला उतरल्या आणि तशाच वर आल्या, पिशवी रिकामी. जिन्याच्या तोंडाशी, चौकटीवर, खडूची फुली होती. पांढरी, मोठी. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली, वर हळदीकुंकू लावलं. काही दिवसांनी पुन्हा तिथंच फुली. हळदीच्या वरून.

"दुपटी बघून कळतं त्याला," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर घालू नकोस."

मग आम्ही सगळं आत केलं. दुपटी आत, लंगोट आत, बाळाचं झबलं आत. खिडक्या लावून फटींत कापड कोंबलं, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. थंडीत आत काही वाळत नाही, म्हणून शेगडी. शेगडीवर दोरी, दोरीवर दुपटी, आणि बाळाला धुरी, ओवा, लसणीची सालं, वावडिंग, सकाळी एकदा आणि सांजेला एकदा. खोलीत धूर असा बसायचा की सासूबाई पलीकडच्या कोपऱ्यात बसलेल्या मला नीट दिसायच्या नाहीत, नुसती बांगडी वाजली की कळायचं आहेत म्हणून. मुलगी रडायला लागली की मी तिला छातीशी दाबायची, गप गप गप, ऐकू जाईल. मी माझ्या मुलीचं रडणं दाबत होते. तेव्हा मला ते बरोबर वाटत होतं.

मग ती रडायचीच बंद झाली.

आधी खोकला आला, कोरडा, मांजराच्या पिल्लासारखा. मग दूध सोडायला लागली. तोंडात घ्यायची, दोनदा ओढायची, आणि सोडून दम खायची, जसं कोणी डोंगर चढतंय. सासूबाईंनी वेखंड उगाळून लावलं, ओव्याची पुरचुंडी शेकली, मीठमोहऱ्या उतरवून शेगडीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, वास आला नाही. नजर असली की वास येत नाही म्हणतात. त्या माझ्याकडे बघेनात.

सकाळी झबलं काढलं तर तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. श्वास आत गेला की पोटाशी खड्डा, बाहेर आला की भरायचा, आत गेला की खड्डा, आणि इतका भराभर की बघता बघता माझाच श्वास तसा चालायला लागला.

"पसली चालतेय," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे डबा म्हणतात. नाव कुठलंही असो, चुलतीचं मूल त्यानंच गेलेलं मी पाहिलंय.

"आई, दवाखान्यात नेऊ या."

"दवाखान्यात नाही."

"आई, तिला श्वास येत नाहीये हो."

"त्यांनाही येत होता," सासूबाई ओरडल्या. त्या कधी ओरडत नाहीत. "बसून चहा मागत होते! नेलं म्हणून गेले. इथं ठेवले असते तर निदान माझ्या डोळ्यांसमोर..." मग एकदम हळू झाल्या. "तिथं आत गेलेलं परत येत नाही गं. तुला नाही माहीत."

मला खरंच नव्हतं माहीत. मला इथली गल्ली सोडली तर रस्ताही माहीत नव्हता, हिंदी तोंडात अडकते, ह्यांचा फोन लागत नव्हता. मी मुलीला घेऊन नुसती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिंडत होते. बाहेर धुकं, आत धूर. तिचे ओठ बघून मला वाटलं, जांभूळ खाल्लंय का हिनं. असलं वेडं काहीतरी वाटलं मला.

आणि हाक आली.

"बच्चा दिखा दो!"

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. म्हणजे आलंच ते, वेळ बरोबर साधून आलं, असंच आम्हा दोघींच्या मनात आलं, मला त्यांच्या हातावरून कळलं. "ओ देऊ नकोस," त्या कुजबुजल्या. "काय वाटेल ते होऊ दे. ओ देऊ नकोस."

मी मनात म्हटलं, अजून एकदा मार. माणूस असशील तर अजून एकदा हाक मार, मग मी येते. मी खरंच तशी वाट बघितली. खाली शांत. माझ्या खांद्यावर मुलीचा श्वास भात्यासारखा. आणि मग चपला वाजल्या, एक, मग दुसरी, निघाली ती.

तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. मला एवढंच कळलं की वर थांबलो तरी ही जाणार आहे, माझ्या हातात जाणार आहे, आणि खाली जे आहे त्यानं निदान बाळ बघायला मागितलं आहे. बाकी कोणीच मागितलं नव्हतं. मी ओरडले, "आहे! बाळ आहे इथं! थांबा!" मराठीतच ओरडले, आणि सासूबाईंचा हात झटकून जिना उतरले, अंधारात, एक हात भिंतीला, एका हातात पोर. मागून सासूबाई रडतायत की हाका मारतायत मला कळत नव्हतं.

गल्लीत निळ्या साडीतली एक बाई. तोंडावर मास्क, डोक्यावरून शाल, म्हणून डोकं दिसत नव्हतं. मी तिच्यावर धावून गेले तर ती मागं सरली आणि तिनं एकदम हात डोक्यावर धरला, कोणी मारायला आल्यासारखा. ती माझ्याकडे नाही, वर छज्ज्याकडे बघत होती. माझ्यापेक्षा तीच जास्त भ्यालेली. भूत भितं का असं? मी तिच्यासमोर मुलगी धरली, दुपटं सोडलं.

तिनं पाहिलं. हात खाली आला. मग ती काही न विचारता भिंतीशी उकिडवी बसली, मुलीला मांडीवर घेतलं, झबलं वर केलं आणि मोबाईलवर घड्याळ लावून तिच्या पोटाकडे बघत राहिली. मी काही बोलायला गेले तर बोट वर केलं, चूप. गल्लीत तेवढाच आवाज होता, मुलीच्या श्वासाचा. मग पिशवीतून तिनं कपड्याच्या चिमट्यासारखं काहीतरी काढलं आणि मुलीच्या पायाच्या अंगठ्यावर बसवलं. त्यावर लाल आकडा पेटला. तो बघून तिनं मास्क हनुवटीखाली ओढला. तेव्हा कुठं तिला तोंड आलं. माझ्या आईच्या वयाची, पान खाणारी साधी बाई.

"दुलहिन," ती म्हणाली, "अभी चलना है. अभी. कपड़ा-वपड़ा कुछ नहीं."

मागं सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या आवाज ऐकत होत्या, तोंडाकडे बघत होत्या, पुन्हा आवाज ऐकत होत्या.

"तूच ना ती?" त्या मराठीतच म्हणाल्या. "त्या उन्हाळ्यात हाक मारलीस ती तूच ना?"

त्या बाईला मराठी येत नाही. पण कळलं तिला. "हाँ अम्मा," ती म्हणाली. "हम ही थे. बाबूजी ने 'आलो आलो' बोला था. हमको याद है."

सासूबाईंना पायरीवर बसावंच लागलं. "एक ही बार क्यों बुलाती हो?" त्यांनी विचारलं. "आदमी दुबारा नहीं बुलाता?"

"दुबारा बुलाते थे तो ऊपर से पानी आता था, अम्मा." तिचा हात कानामागं गेला. "गरम भी आया है. तब ऊपर से हुकुम था कि सीढ़ी नहीं चढ़ना, दरवाजा नहीं छूना, आवाज दो, निशान लगाओ, आगे बढ़ो. अब हुकुम नहीं है. आदत है." मग माझ्याकडे वळून, "और ये आपकी सीढ़ी, दुलहिन, इस पर तो भूत भी न चढ़े. छज्जे पर बच्चे का पोतड़ा देखा था हमने. दो बार निशान लगाए कि इस घर का बच्चा देखना बाकी है. आप लोग उस पर रोली लगा देते हो."

हे बोलताना ती चालायला लागली होती. आम्ही तिच्या मागं. सासूबाई उठल्या आणि आमच्या मागं आल्या, अनवाणी.

वळणावर पालिकेची एक जुनी खोली आहे. सासूबाई म्हणतात तिला आधी कुलूप असायचं, साथीत तिथं सुया टोचायला लागले आणि मग ती उघडीच राहिली. आत एक फ्रीज घुमतो आणि भिंतीवर एक पडदा. त्या बाईनं काहीतरी दाबलं तर पडद्यावर एका डॉक्टरचं तोंड आलं, आणि तोंड उघडं ठेवून तसंच थिजलं. डोळे अर्धे मिटलेले, हलेना, काही नाही. मला वाटलं मेलेल्याचा फोटो लावलाय. मी मुलीला त्याच्यासमोर धरून उभी. मग तो एकदम हलला, "कपड़ा हटाइए, और पास," आणि त्याच्या डोळ्यांनी तो खड्डा पाहिला. म्हणाला, "भेजिए, तुरंत. हम उधर बोल देते हैं."

गाडी गल्लीत येत नाही, मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचं. अरुंद गल्ली, आम्ही धावतोय, आणि समोरून प्रेत. खांद्यावर तिरडी, केशरी-सोनेरी कापड, मागं माणसं. इथं प्रेताला वाट द्यायची, भिंतीला चिकटून उभं राहायचं, लहान पोरालाही माहीत असतं. मी भिंतीला चिकटले आणि मुलीचं तोंड झाकलं. पण तिरडी थांबली. पुढच्या खांदेकऱ्यानं माझ्या हातातलं बघितलं आणि म्हणाला, "निकलो बहिनी, निकलो. हमारे वाले को कोई जल्दी नहीं है." मागचे दोघे हसले, आणि त्यांनी तिरडी भिंतीकडे कलती केली. मी तिच्या खालून गेले म्हणा ना. झेंडू माझ्या डोक्याला लागला. हे शुभ की अशुभ ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी गाडीतून उतरल्यावर सासूबाई थांबल्या. मी पुढं गेले, वळून पाहिलं तर त्या फाटकाच्या गजाला धरून उभ्या. आशा बहू, इकडे तिला असंच म्हणतात, तीही थांबली होती. म्हणाली, "उस टाइम हमको भी यहीं रोक देते थे, अम्मा. आगे क्या होता था, हमको भी नहीं पता." सासूबाईंनी पहारेकऱ्याला विचारलं, "अंदर गया हुआ वापस आता है क्या?" त्यानं डोळे वटारले, "माता जी, आप भी अंदर जाइए, बच्चे के साथ दो जन रह सकते हैं. हटिए, गाड़ी आ रही है." त्यांना ते खरंच वाटेना. पुन्हा विचारलं, "मैं भी?" मग त्यांनी माझा पदर धरला आणि तो सोडलाच नाही.

वॉर्ड लांबच लांब, साथीच्या वेळी घाईघाईनं उभारलेला, पत्र्याचं छत. आमच्याआधीच तिथं माहीत होतं आम्ही येतोय ते, खाट तयार होती. नर्सनं मुलीच्या नाकाशी बारीक नळ्या लावल्या, नळी भिंतीत गेलेली. नळ पिरगळला आणि भिंत श्वास घ्यायला लागली. हिस्स, हिस्स, संपेचना. मी विचारलं, पलीकडे कोण आहे? नर्स म्हणाली, कोणी नाही, मागं यंत्र आहे, हवेतूनच ऑक्सिजन काढतं, साथीत बसवलं ते आता बारा महिने चालतं. हवेतून काढतं म्हणजे आपल्या भोवतीच्याच? मग आमच्या खोलीत का नव्हती ती? मी भिंतीला हात लावला तर ती थरथरत होती, आतून.

सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, पण आमच्याकडे पाठ करून. समोर कोपऱ्यात एक खाट रिकामी होती, चादर ताठ घातलेली, वर भिंतीत नळ बंद. त्या तिच्याकडे बघत होत्या. आशा बहू निघताना त्यांनी तिला विचारलं, "कौन सा बिस्तर था?" ती म्हणाली, "हमको नहीं मालूम, अम्मा. किसी को नहीं मालूम होगा." तरी सासूबाईंनी तीच खाट मामंजींची म्हणून धरली. चहा आला तो त्यांनी आधी तिकडे थोडा वेळ ठेवला, मग प्यायल्या.

मी नर्सला म्हटलं, "तेव्हा घरच्यांना का नाही येऊ दिलं?"

"तेव्हा आम्हीच घरी जात नव्हतो," ती म्हणाली. ती नागपूरकडची निघाली, मराठी ऐकून मला रडूच आलं. "आता आम्हीच सांगतो, कोणीतरी राहा. रात्री डोळा लागला तर पेशंटचा हात धरणारं कोणी हवं ना." मग मला दटावलं, "आणि बाळाला धुरी देता ना? डोळे बघा तुमचे, लालभडक. खिडकी उघडी ठेवायची. समजलं?"

"हो ताई."

"ताई-बिई नंतर. आधी जेवा, नाहीतर दूध कुठून येणार?"

पण मुलगी पीतच नव्हती. सुई लावलेली, सलाईन, नळ्या, आणि मी दर थोड्या वेळानं तिचं तोंड छातीला लावायची, तिचे ओठ नुसते पडून राहायचे. खड्डा मात्र उथळ होत होता, की मलाच तसं वाटत होतं. भिंत घेतेय श्वास आणि ही नुसती पडलीय, असं वाटायचं. कोण जगतंय मग, ही की भिंत? हे दोन दिवसांनी गयेहून पोचले, दाढी वाढलेली, काचेतून बघत उभे, आणि पहिल्यांदाच त्यांना थट्टा सुचली नाही.

मग एका सकाळी नर्स आली, चिमटा लावला, आकडा पाहिला, म्हणाली, "आता बंद करून बघू."

"नको," मी म्हटलं. माझ्या तोंडून सुटलंच. "नको ताई, थोडा वेळ."

"किती दिवस भिंतीच्या श्वासावर ठेवणार? तिचा तिला घेऊ दे."

तिनं नळ फिरवला. हिस्स थांबलं. इतक्या दिवसांत ते कानात असं भरलं होतं की ते थांबल्यावर सगळा वॉर्ड एकदम मोठा आणि थंड वाटला, जसं कोणीतरी उठून गेलंय. सासूबाई वळल्या. पहिल्यांदा त्या खाटेकडून इकडे वळल्या. हे आत आले. मी वाकून कान तिच्या नाकाशी नेला. काही नाही. मग काहीतरी, इतकं बारीक, ऊबच म्हणा, आवाज नाहीच. पोट खाली गेलं. वर आलं. खड्डा नाही. पुन्हा गेलं, पुन्हा आलं, सावकाश, तिच्या तिच्या चालीनं.

आणि तिनं तोंड वळवलं. डोळे मिटलेलेच, तोंड उघडं, इकडून तिकडे, शोधायला लागली. मी पदर सारायच्या आत माझ्या गालालाच तिनं तोंड लावलं आणि ओढायला लागली, जोरात. मी तिला घेतलं. दुखेल इतकं ओढलं तिनं, न थांबता, दम न खाता, गटागटा आवाज येत होता.

सासूबाई पुढं सरकल्या, पदर नीट केला माझा, ह्यांना म्हणाल्या, "तू काय बघतोस, बाहेर जा." मग मला म्हणाल्या, "एकीकडचंच नको. दोन्हीकडचं पाज."